गुणाकारातली ती फुली: चिंचोके, पट्ट्या आणि कात्री घेऊन मोठे गुणाकार कसे शिकवायचे

माझी भाची चौथीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्याकडे राहायला आली, ताईच्या हुकमावरून गणिताची वही पण बरोबर आली, आणि पहिल्याच दिवशी तिने २३ × १४ सोडवून माझ्यापुढे ठेवलं, उत्तर २१२. कसं केलंस विचारलं तर म्हणाली, "मावशी, वीस दाहे दोनशे, तीन चोक बारा, झाले दोनशे बारा." इतकं ठणकावून सांगितलं की क्षणभर मलाच वाटलं, असेल बुवा बरोबर.

मग म्हटलं शाळेत शिकवतात तसं उभं मांडून कर. तेही केलं. पहिल्या ओळीत ९२, खालच्या ओळीत २३ आणि एककाच्या घरात एक फुली, बेरीज ३२२. एकाच गणिताची दोन उत्तरं आली याचं तिला काहीच वाटलं नाही, ते वेगळं, हे वेगळं. मी फुलीवर बोट ठेवून विचारलं ही कशाची गं? तर म्हणे, "ती दुसऱ्या ओळीत मारायचीच असते."

खरं सांगायचं तर मीही लहानपणी अशीच मारली होती. बाईंनी सांगितलं मार, मारली, मार्क मिळाले, विषय संपला. ती फुली म्हणजे काय हे मला कळलं बिल्डिंगमधली चार पोरं दुपारी माझ्याकडे बसायला लागली तेव्हा, कारण त्यातला एक सारखा "का?" विचारायचा आणि माझ्याकडे उत्तर नसायचं. तर हा सगळा लेख त्या एका फुलीसाठी आहे असं समजा. हाताने मांडून, कापून, चिकटवून मुलाला ती फुली स्वतःची स्वतः सापडली पाहिजे, मग तीन अंकी काय नि चार अंकी काय, फार शिकवावं लागत नाही.

आधी काय येत असलं पाहिजे

दहापर्यंतचे पाढे निदान अडखळत का होईना यायला हवेत, आणि एकक-दशक-शतक म्हणजे काय हे माहीत हवं. बस. वीसपर्यंतचे, तीसपर्यंतचे पाढे पाठ असतील तर उत्तमच, आमच्या आजीला तर पावकी, निमकी, दिडकी (पाव, अर्ध्या, दीडपटीचे पाढे) सगळं पाठ होतं आणि ती बाजारात कुणालाही फसू द्यायची नाही, पण मोठे गुणाकार समजायला ते लागत नाही. पाढे अगदीच कच्चे असतील तर आधी ते करा, नाहीतर पट्ट्या मांडताना पोर सात आठे वर अडकतं आणि मूळ मुद्दा बाजूलाच राहतो.

मधल्या काळात बोटांची जुनी युक्ती चालवून घ्या. सात आठे साठी एका हाताची दोन बोटं मिटायची (सात म्हणजे पाचावर दोन), दुसऱ्या हाताची तीन (पाचावर तीन). मिटलेली झाली पाच, म्हणजे पन्नास. उघडी राहिली एका हाताला तीन आणि दुसऱ्याला दोन, त्यांचा गुणाकार सहा. छप्पन्न. सहा ते नऊच्या आतल्या सगळ्या जोड्यांना चालते. मुलांना जादू वाटते, वाटू दे.

सामान

काही विकत आणायची गरज नाही. शाळांमधून गणित पेटी असते त्यात दशकाचे दांडे वगैरे असतात, ऑनलाइनही छान लाकडी सेट मिळतात, पण घरी बनवलेल्याची मजा वेगळी आणि बनवतानाच अर्धं गणित होऊन जातं. लागतं ते असं: दोन मुठी चिंचोके (नसतील तर राजमा, शर्टाची बटणं, काहीही), एक सेंटीमीटर चौकटींचा कागद किंवा मोठ्या चौकटींची गणिताची वही, जुन्या लग्नपत्रिका, डिंक, कात्री, दोन रंगांची पेन.

चौकटीचा कागद लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर चिकटवायचा आणि तीन प्रकारचे तुकडे कापायचे. दहा बाय दहाचा चौकोन म्हणजे शंभराची पाटी, दहा घरांची एक लांब पट्टी म्हणजे दशक, आणि एकेक घर सुटं. सुरुवातीला चार-पाच पाट्या, वीसेक पट्ट्या, पंचवीस-तीस सुटे पुरतात. तुम्ही एकट्याने रात्री बसून सगळं कापून ठेवू नका, मुलालाच कापू द्या. माझ्या भाचीने पहिल्या पाटीत मोजून मोजून शंभर घरं केली, दुसरीच्या वेळी नुसत्या दहा पट्ट्या शेजारी ठेवून माप घेतलं. दहा दशक म्हणजे एक शतक हे तिला पुस्तकातून माहीत होतंच, त्या दिवशी ते हाताला माहीत झालं. सुटे तुकडे मात्र वाकडेतिकडे कापले जातात, पंख्याच्या वाऱ्याने उडतात, सोफ्याखाली जातात, त्यामुळे पंखा बंद करून बसा आणि सुट्यांसाठी एखादा डबा ठेवा.

पहिली पायरी: रांगा

मोठ्या गुणाकाराला हात घालण्याआधी एक गोष्ट पक्की करायची, ती म्हणजे गुणाकार हा आयत असतो. मुलांना गुणाकार म्हणजे "परत परत बेरीज" असं शिकवलेलं असतं, ते चूक नाही, पण चौदा वेळा तेवीस मिळवत बसणारं पोर तिथेच कंटाळतं. आयत दिसायला लागला की पुढचं सोपं.

अंड्याचा ट्रे घ्या, तीस अंड्यांचा, पाच-पाचच्या सहा रांगा. आता तो फिरवा, सहा-सहाच्या पाच झाल्या. अंडी तेवढीच. हे मुलाला तोंडी सांगून जे समजत नाही ते ट्रे फिरवला की समजतं. घरात रांगोळीचा तो भोकांचा कागद असेल, ठिपके पाडायचा, तर फारच छान, त्यावर सात ओळी आणि नऊ ठिपके असे चौकोन आखायला लावा.

मग चिंचोके. १३ × ४ करायचं. तेरा-तेरा चिंचोक्यांच्या चार रांगा, एकाखाली एक, सरळ. मूल मोजायला लागेल, मोजू द्या, बहुतेक वेळा एक्कावन्न किंवा त्रेपन्न येतं कारण एखादा हलतो. मग म्हणायचं, थांब, न मोजता सांगता येईल का? आणि एक पेन्सिल द्यायची हातात, "ही अशी कुठे ठेवली तर सोपं होईल?" इथे तुम्ही गप्प बसायचं. खरंच गप्प. माझी सगळ्यात मोठी चूक ही असायची की मी पाच सेकंदात स्वतःच पेन्सिल ठेवून दाखवायचे. भाचीने आधी मध्ये ठेवली, सहा आणि सात, मग सहा चोक चोवीस, सात चोक अठ्ठावीस, बेरीज बावन्न. अगदी बरोबर पद्धत आहे ती! मग तिनेच सरकवून दहा आणि तीन केलं, दहा चोक चाळीस, तीन चोक बारा, बावन्न, आणि म्हणाली हे जास्त बरं आहे, चाळीसची बेरीज सोपी पडते. कुठेही फोडलं तरी उत्तर तेच, पण दहावर फोडलं की सोयीचं, हे तिच्या तोंडून आलं, त्याची किंमत तुमच्या दहा वेळा सांगण्यापेक्षा जास्त.

असे आठ-दहा गुणाकार चिंचोक्यांवर करा, १२ × ६, १५ × ३, १८ × ४. दोन-तीन दिवस. घाई नको.

आकड्यांच्या नावांचा घोळ

इथे मराठीत एक खास अडचण येते, इंग्रजी माध्यमाच्या मुलांना ती वेगळी येते पण येतेच. "तेवीस" म्हणताना आधी तीन ऐकू येतात मग वीस, लिहिताना मात्र आधी २ मग ३. त्रेसष्ट आणि छत्तीस यात तर कितीतरी मुलं गोंधळतात. आठवत असेल तर २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात "वीस तीन" अशी वाचायची पद्धतही दिली होती आणि त्यावर केवढा गदारोळ झाला, विनोद फिरले, विधानसभेपर्यंत विषय गेला. मला विचाराल तर भांडणाची गरजच नव्हती, घरी दोन्ही म्हणायचं. "तेवीस, म्हणजे वीस आणि तीन." गुणाकार करताना तर हे मोठ्याने म्हणायचंच, कारण आपल्याला संख्या फोडायची आहे आणि नाव म्हणता म्हणताच ती फुटते.

आणि आपल्याच नावांमध्ये एक बक्षीस पण लपलंय. एकोणतीस म्हणजे एक उणा तीस. एकोणीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, सगळे तसेच. म्हणजे २९ × ४ करायचं तर नावच पद्धत सांगतंय, तीस चोक एकशेवीस, त्यातून चार काढा, एकशे सोळा. चिंचोक्यांनी दाखवायचं असेल तर तिसाच्या चार रांगा कोण मांडणार, पट्ट्या वापरा: एका रांगेत तीन दशकपट्ट्या, अशा चार रांगा, आणि शेवटचा उभा रकाना हाताने झाकून टाका. झाकलेली घरं किती? चार. बघा, एका मिनिटात होतं.

दहापट: "शून्य लाव" म्हणू नका

पुढे जाण्याआधी दहाने गुणणं. सगळे सांगतात दहाने गुणलं की शेवटी शून्य लावायचं. उत्तर येतं, पण मग पाचवी-सहावीत तेच पोर २.५ × १० = २.५० लिहितं आणि आपण डोक्याला हात लावतो. त्याऐवजी पट्ट्यांनी दाखवा. तीन सुटे घ्या, दहा वेळा. प्रत्येक सुट्याची एक आख्खी पट्टी झाली, तीन पट्ट्या, तीस. आता दोन पट्ट्या घ्या, दहा वेळा. प्रत्येक पट्टीची पाटी झाली. म्हणजे प्रत्येक जण एक घर डावीकडे सरकतो, सुटा दशक होतो, दशक शतक होतो, आणि एककाचं घर रिकामं पडतं म्हणून तिथे शून्य येतं. हे रिकामं घर लक्षात ठेवा, फुली तिथेच राहते.

मग २० × १०, २० × ३०, ४० × ६ असे तोंडी घ्या. २० × ३० ला मुलं ६० नाहीतर ६०००, काहीही सांगतात. जमिनीवर आखून दाखवा: वीस रुंद, तीस उंच, त्यात शंभराच्या पाट्या किती बसतील? दोन बाय तीन, सहा. सहाशे. पाट्या कमी पडल्या तर खडूने फरशीवर काढा, फरशीच्या रेषा असतातच.

पट्ट्या आणि पाट्या: २३ × १४

आता मुख्य काम. याला एक पूर्ण दुपार द्या, सोबत काहीतरी खायला ठेवा.

सुरुवातीला अंदाज. "दोनशेपेक्षा जास्त येईल का कमी? पाचशेच्या आत?" वीस दाहे दोनशे आणि आपले आकडे त्याहून मोठे आहेत, म्हणजे दोनशेच्या वर नक्की. तीस गुणिले वीस सहाशे, म्हणजे त्याच्या आत. ही सवय लावाच, कुठल्याही पद्धतीने करा, अंदाज आधी.

मग जमिनीवर वरच्या कडेने तेवीस मांडायचे: दोन पट्ट्या आडव्या आणि तीन सुटे. डाव्या कडेने खाली चौदा: एक पट्टी उभी आणि चार सुटे. ही फक्त मापं आहेत, उत्तरात मोजायची नाहीत, म्हणून ती वेगळ्या रंगाची केली तर बरं. आता या दोन कडांच्या आतला आयत भरायचा.

वर डावीकडे वीस बाय दहाची जागा, तिथे शंभराच्या दोन पाट्या चपखल बसतात. त्यांच्या उजवीला तीन बाय दहा, तिथे तीन पट्ट्या उभ्या. खाली डावीकडे वीस बाय चार, प्रत्येक ओळीत दोन पट्ट्या आडव्या, चार ओळी, आठ पट्ट्या. आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात तीन बाय चार, बारा सुटे. आयत भरला.

भाचीने पाट्या ठेवल्या, मग थेट कोपऱ्यातले बारा सुटे ठेवले आणि म्हणाली झालं. दोनशे आणि बारा. मी काही बोलले नाही. ती बघत बसली. पाट्या एका टोकाला, सुटे दुसऱ्या टोकाला, मध्ये दोन मोठी भगदाडं. "मावशी, इथे राहिलंय." मग तिने ते भरलं, तीन पट्ट्या आणि आठ पट्ट्या, एकशे दहा, आणि तिचे २१२ चे ३२२ झाले. ही चूक, म्हणजे दशक दशक आणि एकक एकक गुणून मोकळं होणं, माझ्याकडच्या जवळजवळ प्रत्येक मुलाने केली आहे, आणि कागदावर "असं नसतं" म्हणून ती जात नाही. भगदाड दिसलं की जाते.

आता मोजणी. २ पाट्या, ११ पट्ट्या, १२ सुटे. हे असंच लिहून घ्या. मग देवाणघेवाण: बारा सुट्यांमधले दहा द्या, एक पट्टी घ्या, उरले दोन. पट्ट्या झाल्या बारा, त्यातल्या दहा द्या, एक पाटी घ्या, उरल्या दोन. पाट्या तीन. ३२२. हातचा म्हणजे हाच व्यवहार, दुसरं काही नाही. मुलाला दुकानदार व्हायला आवडतं, एकाने बँक सांभाळायची आणि एकाने बदलून घ्यायचं.

असे तीन-चार गुणाकार मांडा, १२ × १३, २१ × १५, २४ × १२. सगळेच मांडायची गरज नाही. मूल स्वतःहून म्हणेल की आता मांडायचा कंटाळा आला, काढून दाखवू का? तीच खूण, पुढे जायची.

मांडण्यावरून वहीत

आता वहीत एक आयत, त्यात एक उभी आणि एक आडवी रेघ, चार खोल्या. खोल्या मापात काढायची गरज नाही, पण वीस-दहाची खोली मोठी आणि तीन-चारची छोटी अशी अंदाजे असली पाहिजे, सगळ्या सारख्या काढल्या की मूल आकार विसरतं. वर २० आणि ३ लिहा, बाजूला १० आणि ४. प्रत्येक खोलीत गुणाकार: २००, ३०, ८०, १२. बेरीज ३२२.

३७ × २६ आता पट्ट्यांनी मांडायला बसलात तर घर भरेल, वहीतच करा: ६००, १४०, १८०, ४२. बेरीज ९६२. तीन अंकी असेल तर खोल्या वाढवा, १३५ × १२ ला वर १००, ३०, ५ आणि बाजूला १०, २, म्हणजे सहा खोल्या.

मधल्या शून्याची भीती पण इथे जाते. २०४ × ३ मध्ये मुलं शून्य तिरी तीन करून ठेवतात. खेळण्यातल्या नोटा घ्या, शंभराच्या दोन आणि एकेक रुपयाची चार नाणी, दहाची एकही नाही. असे तीन ढीग. सहा नोटा, बारा नाणी, ६१२. दहाच्या नोटा नव्हत्याच तर येतील कुठून?

हा १३५ × १२ मी मुद्दाम घेतला. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, ११५० सालच्या, गुणाकाराचं पहिलं उदाहरण हेच आहे, एकशे पस्तीसला बाराने गुण, आणि गंमत म्हणजे तिथे एकच रीत दिलेली नाही. बाराचे आठ आणि चार करा, किंवा तीन आणि चार असे गुणक करा, किंवा दहा आणि दोन करा, नाहीतर सरळ वीसने गुणा आणि आठपट वजा करा, सगळीकडून १६२०. म्हणजे ही फोडाफोड कुठून तरी परदेशातून आलेली फॅशन नाही. चाळीसगावजवळ पाटणला जो शिलालेख आहे त्यात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचं लिहिलंय. पोरांना घेऊन जायला छान जागा आहे, पावसाळ्यानंतर जा. तर, मुलाला १३५ × १२ द्या आणि सांगा तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी करून दाखव. माझ्याकडच्या एकाने पाच केल्या.

कात्री, आणि फुली सापडते

चौकटीच्या वहीतून एक मोठा कागद घ्या, त्यावर तेवीस घरं रुंद आणि चौदा घरं उंच आयत आखा आणि कापा. वरची दहा ओळींची जागा एका रंगाने, खालची चार ओळींची दुसऱ्या रंगाने. आता आडवं कापा, दहा ओळी वेगळ्या, चार ओळी वेगळ्या. दोन तुकडे हातात आले.

खालचा तुकडा: तेवीस चोक, ९२. वरचा तुकडा: तेवीस दाहे, २३०. हे दोन आकडे एकाखाली एक लिहायला सांगा आणि शेजारी शाळेची वही उघडा.

वहीत पहिली ओळ ९२. दुसरी ओळ २३ आणि फुली.

भाचीने एकदा कागदाकडे बघितलं, एकदा वहीकडे, आणि म्हणाली, "म्हणजे हे तेवीस नाहीच्चेत, हे दोनशे तीस आहेत! मग शून्य का नाही लिहीत सरळ?" मी म्हटलं लिही ना, कोण अडवतंय. तेव्हापासून ती फुलीच्या जागी शून्य लिहिते. १४ मधला १ हा एक नाही, दहा आहे, दहा ओळींचा तुकडा आहे, दहाने गुणल्यावर सगळे एक घर सरकतात, एककाचं घर रिकामं राहतं. फुली म्हणजे ते रिकामं घर.

शाळेतली उभी मांडणी शिकवायची ती यानंतर, आणि शिकवायची जरूर, कारण ती आटोपशीर आहे आणि परीक्षेत तीच लागते. सुरुवातीला मुलाला प्रत्येक ओळीपुढे बारीक अक्षरात लिहू द्या, "२३ × ४", "२३ × १०". महिन्याभरात आपोआप सुटतं.

तोच कापलेला कागद फेकू नका, अजून एक खेळ आहे. दोन तुकडे परत जोडून चौदा ओळी करा, आता बरोबर मध्ये कापा, सात आणि सात. एक तुकडा दुसऱ्याच्या शेजारी ठेवा. काय झालं? शेहेचाळीस रुंद, सात उंच. कागद तेवढाच, म्हणजे २३ × १४ आणि ४६ × ७ एकच. सेहेचाळीस म्हणा नाहीतर शेहेचाळीस, उत्तर ३२२. एकाचं अर्धं केलं तर दुसऱ्याची दुप्पट. १६ × ३५ सारखा गुणाकार मग तोंडी होतो: ८ × ७०, ५६०.

व्हिडिओतल्या ट्रिक्स

आता तो रेषांचा प्रकार, आडव्या-तिरप्या रेषा काढून छेद मोजायचे, जपानी पद्धत म्हणून व्हॉट्सॲपवर दर सहा महिन्यांनी फिरतो. वाईट नाही. २३ × १४ ला करून बघा, खराट्याच्या काड्या एकमेकांवर ठेवून, दोन आणि जरा अंतर सोडून तीन एका दिशेने, त्यांना छेदून एक आणि अंतर सोडून चार: एका टोकाला २ छेद, मध्ये ११, दुसऱ्या टोकाला १२. ओळखीचे आकडे वाटतात ना? आपल्याच पाट्या, पट्ट्या आणि सुटे आहेत ते. म्हणून हे नंतर दाखवा, आधी नाही. आधी दाखवलं तर मुलाला फक्त मोजायचं कळतं, काय मोजतोय ते नाही. आणि ७८ × ८९ काड्यांनी करून बघा बरं, अडीचशेच्या वर छेद मोजायचे, त्यापेक्षा पाढा परवडला.

नेपियरच्या पट्ट्या मात्र मला मनापासून आवडतात. जॉन नेपियर हा स्कॉटलंडचा गणिती, १६१७ मध्ये त्याने पाढे लिहिलेल्या दांड्यांचं पुस्तक काढलं. आइस्क्रीमच्या रुंद काड्यांवर करता येतं: एका काडीवर चारचा पाढा, दुसरीवर सहाचा, प्रत्येक घरात तिरपी रेघ, रेघेच्या वर दशक, खाली एकक. ४६ × ७ साठी ४ आणि ६ च्या काड्या शेजारी ठेवून सातवं घर बघायचं, तिथे २/८ आणि ४/२. उजवीकडून तिरपी बेरीज, २, मग ८ आणि ४ बारा, हातचा एक, मग २ आणि १ तीन. ३२२. सुट्टीतला छान उद्योग आहे, पण याच्याशिवायही चालतं.

झटपट गणिताच्या क्लासेसबद्दल मी फार बोलत नाही. वेग येतो, नाही असं नाही. पण वेग शेवटी यावा.

किती दिवस लागतात

रोज वीस-पंचवीस मिनिटं धरली तर चिंचोक्यांपासून कात्रीपर्यंत तीन-चार आठवडे. काही मुलं दहा दिवसांत पळतात, बिल्डिंगमधला एक मात्र दोन महिने पट्ट्या सोडायला तयार नव्हता, गुणाकार दिला की डबा घेऊन यायचा. मी काढून घेतला नाही. एक दिवस डबा आणायला उठायचा कंटाळा आला आणि त्याने वहीतच केलं. मूल अडलं तर एक पायरी मागे जायचं, वहीतून पट्ट्यांवर, पट्ट्यांवरून चिंचोक्यांवर, आणि त्यात "एवढं मोठं झालं तरी चिंचोके लागतात" असलं काही बोलायचं नाही.

उत्तर चुकलं तर लगेच खोडू नका, "मांडून दाखव" म्हणा. मांडताना नव्वद टक्के वेळा त्यांना स्वतःलाच दिसतं. आणि पुस्तकातली गणितं संपली की घरातली काढा. आमच्याकडे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहायची पद्धत आहे. ऑक्टोबरचं बिल आलं तेव्हा भाची इथेच होती. रोजचे ३४ रुपये, एकतीस दिवसांचे १०५४ लावलेले. कॅलेंडरवर दोन खाडे होते, आम्ही नाशिकला गेलो होतो ते. तिला म्हटलं कर बघू एकोणतीस दिवसांचे. मला वाटलं आता आयत काढणार, चार खोल्या करणार. ती कॅलेंडरकडे बघतच म्हणाली, "एकोणतीस म्हणजे तीसला एक कमी. तीस दिवसांचे हजार वीस, एक दिवस वजा, नऊशे शहाऐंशी." आणि बिल घेऊन खाली गेली. दूधवाले काका गेटपाशीच होते. त्यांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग वही काढून आमचं पान उघडलं, आणि पुढच्या महिन्याच्या खाली लिहून घेतलं, वजा ६८.